एका दमाची बुडी

आमच्या नातवाला गेल्या वर्षभरात एक नवे वेड लागले आहे. श्वास कोंडून धरण्याचे! वय वर्षे तेरा. पुण्यातल्या पोहण्याच्या तलावावर पाचसहा जणांचे टोळके जमते. एकाच्या हातात घड्याळ असते आणि बाकीचे पाण्याखाली. जो सर्वांत उशिरा वर येईल, तो त्या दिवसाचा राजा. घरी आला तरी हेच. जेवायला बसला की गाल फुगवून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहायचे. त्याची आजी म्हणते, "अरे, आधी तो घास तरी गिळ! श्वासाबरोबर वरणभातही कोंडून ठेवलास का?"

स्वारीचा उच्चांक एक मिनिट वीस सेकंद. पण तेवढ्यावर समाधान कसले? फ्रान्सच्या स्तेफान मिफ्स्यू नावाच्या गृहस्थाने २००९ साली पाण्यात निश्चल पडून ११ मिनिटे ३५ सेकंद श्वास धरला होता, हे त्याला तोंडपाठ आहे. दुर्योधनाची जलस्तंभनविद्या आपल्याला येत नाही, एवढेच काय ते त्याचे दुःख.

घरातले सगळे या प्रकाराला हसत. मी मात्र या विषयावर कधी बोलत नसे. त्याच्या पैजांच्या गोष्टी सुरू झाल्या, की मी वर्तमानपत्रात तोंड घालीत असे. त्याचे कारण पुढे येईलच.

माझी मुलगी सोलला असते. तेथील एका प्रयोगशाळेत ती शरीरक्रियाशास्त्राचे काम करते. यंदा मे महिन्यात तिने मला आणि या भाच्याला कोरियाला बोलावले, आणि वर लिहिले, "त्याला सांगा, इथे जेजू नावाचं बेट आहे. तिथल्या आज्या समुद्राच्या तळाशी जाऊन शिंपले काढून आणतात. तोंडात नळी नाही, पाठीवर हवेची टाकी नाही. एका दमात!"

झाले! नातवाने त्याच दिवशी नवे घड्याळ मागितले. "आजोबा, त्या आज्या दहा मिनिटं तरी राहत असतील ना हो खाली?"

सोलहून जेजूला विमानाने तासाभरात पोचता येते. बेट ज्वालामुखीतून जन्मलेले. मध्यभागी १,९४७ मीटर उंचीचा हाल्लासान पर्वत आणि भोवताली काळा कातळ. शेतांचे बांध काळ्या दगडांचे, घरांच्या भिंती काळ्या दगडांच्या. आपल्या देशावरच्या माणसाला ते काळे फत्तर पाहून एकदम घरी आल्यासारखे वाटते. फरक एवढाच, की इथे बांधापलीकडे संत्र्यांच्या बागा आणि बागांपलीकडे निळा समुद्र. या बेटावर तीन गोष्टींना तोटा नाही असे तिकडचे लोक म्हणतात : दगड, वारा आणि बायका. पैकी वाऱ्याने विमानतळावरच माझी टोपी पळवली आणि दगडांनी नंतर चपलांचे अंगठे तोडले. बायकांचा प्रताप दुसऱ्या दिवशी पाहिला.

या पाणबुड्या बायकांना ‘हेन्यो’ म्हणतात. हेन्यो म्हणजे समुद्राची स्त्री. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर हादो नावाचे गाव आहे. तेथे २००६ साली त्यांच्यासाठी एक संग्रहालय उघडले, ते आम्ही आधी पाहिले. साठ वर्षांपूर्वी बेटावर वीस हजारांहून अधिक हेन्यो होत्या. आता तीन हजारसुद्धा उरलेल्या नाहीत, आणि ज्या आहेत त्यांतल्या बहुतेक साठीच्या पुढच्या. २०१६ साली युनेस्कोने त्यांच्या परंपरेला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. पण त्यांची खरी ऐट त्याहून जुनी आहे. १९३२ च्या जानेवारीत, जपानी अमलात, मालाच्या भावात होणाऱ्या लुबाडणुकीविरुद्ध याच भागातल्या शेकडो हेन्यो बाजाराच्या दिवशी रस्त्यावर उतरल्या होत्या. त्याचे स्मारक संग्रहालयाच्या आवारातच आहे.

आत काचेच्या कपाटांतून त्यांची आयुधे मांडलेली होती. कातळाला चिकटलेला शिंपला उचकटायची लोखंडी पट्टी, ती ‘बित्चांग’. पकडलेला माल ठेवायची जाळी, ती ‘मांगसारी’. पूर्वी घालीत ते सुती कपडे. रबरी पोशाख १९७० नंतर आले. तोवर या बायका भर हिवाळ्यात अंगावर नुसते सुती कापड घालून समुद्रात उतरत आणि थोड्याच वेळाने शेकोटीकडे धाव घेत. पुढच्या कपाटापाशी मात्र माझे पाय थांबले. आत एक सुकवलेला भोपळा होता.

"याला ‘तेवाक’ म्हणतात, बाबा," मुलगी म्हणाली. "बुडी मारायच्या आधी आणि नंतर याला धरून तरंगायचं, दम खायचा. आता थर्मोकोलचे करतात, पूर्वी भोपळ्याचेच असत."

मंडळी, तो भोपळा मला परका नव्हता. आमचे गाव सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठी. मळ्यात बांधीव विहीर होती, चार पुरुष पाण्याची. गावातल्या प्रत्येक पोराला पोहायला शिकवायचे शास्त्र एकच. पाठीला सुका भोपळा बांधायचा आणि ‘जय बजरंगबली’ म्हणून काठावरून ढकलून द्यायचे! पाचसहा हजार किलोमीटरांवरच्या या बेटावर काचेआड तोच भोपळा पाहून मला विहिरीतल्या पाण्याचा शेवाळी वास आला. आणि त्या वासाबरोबर दुसरेही काही आठवले. मी पुढे सरकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. समोर उदो नावाचे छोटे बेट धूसर दिसत होते. पाण्यावर नारिंगी रंगाचे दहाबारा तेवाक डुलत होते आणि त्यांच्या आसपास काळी डोकी. मध्येच एक डोके खाली जाई, दोन पाय क्षणभर आकाशाकडे होत आणि मग काहीच नाही. नुसते पाणी.

आणि मग ती शीळ! वर आलेली बाई ओठांचा चंबू करून कोंडलेला श्वास हळूहळू सोडते, त्याची बारीक लांब शीळ होते. तिला ‘सुम्बिसोरी’ म्हणतात. एकीची थांबते तोवर दुसरीची येते. एखाद्या झाडावर अनोळखी पाखरे बसली आहेत असे वाटावे. पण ऐकणाऱ्या शेजारणीला त्या शिळेचा अर्थ ठाऊक असतो : मी वर आले आहे.

नातू खडकावर घड्याळ घेऊन बसला होता. "चाळीस सेकंद... बावन्न... पस्तीस... एक मिनिट दोन..." अर्ध्या तासाने त्याचा चेहरा पडला.

"आत्या, एवढंच? मी यांच्यापेक्षा जास्त राहतो!"

खरेच आहे. या बायका साधारण दहा मीटर खोल जातात, त्यांच्यातल्या तरबेज त्याहूनही खोल जातात, पण एका बुडीला मिनिटभराहून फारसा वेळ देत नाहीत. मात्र एकदा पाण्यात उतरल्या की चार-चार, पाच-पाच तास हे चालू असते. आणि एक दिवस नव्हे, पन्नास-पन्नास वर्षे!

दुपारी त्या बाहेर आल्या. ऐंशीच्या घरातल्या एक आजी जाळी ओतून शंखांची निवड करीत बसल्या होत्या. तिकडच्या बोलीत आजीला ‘हालमांग’ म्हणतात. मुलीने त्यांना वाकून नमस्कार केला आणि भाच्याची तक्रार त्यांच्या कानावर घातली. अगदी ओरडून, कारण जन्मभर पाण्याच्या दाबाखाली जाऊन या बायकांचे कान अधू होतात. आजी मनमुराद हसल्या. मग त्यांनी नातवाला जवळ बसवून घेतले आणि मुलीने दुभाषाचे काम केले.

"तू किती वेळ राहतोस?"

"एक मिनिट वीस सेकंद."

"आणि वर आल्यावर लगेच पुन्हा जातोस?"

"नाही. मग डोकं दुखतं."

"मग तुझ्या घरी संध्याकाळी चूल कशी पेटणार?" आजी म्हणाल्या. "ऐक. सगळ्यात मोठा शिंपला केव्हा दिसतो, सांगू? आपला दम संपत आला की दिसतो. नेहमी तेव्हाच! माणूस म्हणतो, हात तर पोचलाय, एवढा एक काढू. तिथंच घात होतो. मी काय करते, जवळ एक चकचकीत शिंपला खूण म्हणून ठेवते आणि वर येते. दम खाते. मग पुन्हा जाते. शिंपला कुठं पळून जातोय?"

पाण्याखाली, अगदी अखेरच्या क्षणी, न राहवून घेतला जातो त्या श्वासाला या बायकांच्या बोलीत वेगळा शब्द आहे : ‘मुल्सुम’, पाण्यातला श्वास. तो घेतला की माणूस संपला. मुलींना पहिला धडा मिळतो तो हा, की मुल्सुम हावेतून येतो. ज्याचा त्याचा दम निसर्गाने मापून दिलेला आहे, त्या मापाबाहेरचे घ्यायचे नाही. म्हणून त्यांच्यांत श्रेणीही आहेत. हागुन म्हणजे नवशिकी, जुंगगुन मधली आणि सांगगुन तरबेज. नवशिकीने उथळ पाण्यातच राहायचे. म्हाताऱ्या झालेल्या बायकांसाठीही किनाऱ्यालगतचा उथळ भाग राखून ठेवतात. तिथे धडधाकट बायकांनी हात लावायचा नाही. पूर्वी सगळ्याजणी ‘बुल्तॉक’ नावाच्या दगडी आडोशात शेकोटीभोवती बसत. धूर लागणार नाही ती वाऱ्याच्या बाजूची जागा सांगगुनची. तिथेच नव्या मुली कान देऊन शिकत.

"आणि एकटीनं कधी उतरायचं नाही," आजी शेवटी म्हणाल्या. "जी एकटी जाते, तिची शीळ ऐकायला कोण असतं?"

मी उठून जरा बाजूला गेलो. मुलीच्या ते ध्यानात आले असावे.

रात्री जेवणे झाल्यावर मी तिला विचारले, "बुडी मारण्यापूर्वी कुणी भात्यासारखे भराभर वीसपंचवीस श्वास घेतले, तर जास्त वेळ राहता येतं. खरं का?"

"येतं ना," ती म्हणाली. "आणि म्हणूनच माणसं मरतात."

मग तिने समजावून सांगितले ते असे. आपल्याला वाटते, अंगातला प्राणवायू संपत आला की जीव गुदमरतो. तसे नाही. गुदमरवतो तो मुख्यतः रक्तात साठत जाणारा कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो आपला पहारेकरी. प्राणवायू पुरेसा शिल्लक असतानाच तो ओरडू लागतो, ‘चला, वर चला!’ भराभर श्वास घेतल्याने रक्तात प्राणवायू फारसा वाढत नाही; पण कर्बवायू मात्र बाहेर फेकला जातो. म्हणजे चोर येण्याच्या आधीच आपण पहारेकऱ्याला घरी पाठवतो! इकडे प्राणवायू संपत येतो, तिकडे हाक कुणीच देत नाही. माणसाला मुळीच गुदमरल्यासारखे वाटत नाही, उलट छान वाटत असते, आणि तशातच शुद्ध जाते.

"खोल पाण्यात आणखी एक फसवणूक आहे," ती पुढे म्हणाली. "दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो. छातीतली हवा दाबली जाते आणि उरलासुरला प्राणवायू रक्तात शिरत राहतो. माणूस वर येऊ लागला की दाब एकदम उतरतो, त्याबरोबर तो जोरही जातो. म्हणून कित्येकांची शुद्ध तळाशी जात नाही. जाते ती वर येताना, पाण्याचा पृष्ठभाग हाताच्या अंतरावर असताना."

"हे कधी कळलं लोकांना?"

"अमेरिकेत अल्बर्ट क्रेग नावाच्या डॉक्टरांनी १९६१ साली निबंधच लिहिला होता यावर. याच हेन्यो बायकांचा अभ्यास सोलचे सुक की हाँग आणि अमेरिकेतले हर्मन रान यांनी केला, त्यांचा लेख १९६७ सालचा. पण बाबा, तुम्ही हे का विचारताय?"

१९६७! मी नातवाकडे पाहिले. तो अंथरुणावर उठून बसला होता. मग जे मी पन्नासाहून अधिक वर्षे कुणाला नीट सांगितले नव्हते, ते सांगितले.

माझा थोरला चुलतभाऊ. आम्ही त्याला दादा म्हणत असू. त्या वैशाखात तो एकोणीस वर्षांचा होता आणि मी बारा. हुतूतूत दम घुमवावा तर दादानेच. विहिरीच्या तळाची माती मुठीत घेऊन यावी तर दादानेच. बुडी मारण्यापूर्वी तो काठावर उभा राहून भस्त्रिकेसारखे भराभर श्वास घेत असे. पंचक्रोशीत सगळे म्हणत, बघा, पोराची तयारी कशी आहे! त्या दिवशी दुपारी विहिरीवर आम्ही दोघेच होतो. "आज दीडशे मोज रे," असे म्हणून दादाने सूर मारला.

मी मोजू लागलो. ऐंशीला मला कौतुक वाटले. शंभर झाले तेव्हा मी आनंदाने टाळ्या पिटल्या. एकशेवीसपर्यंत मी ओरडून ओरडून मोजत होतो. पाणी अगदी शांत होते. दीडशे झाले, तरी मी मोजतच राहिलो. मला वाटले, दादा आज दोनशे करणार.

गडी धावत आले तेव्हा फार उशीर झाला होता. असा पट्टीचा पोहणारा बुडाला कसा, ते कुणाला कळेना. कुणी म्हणाले, पायात गोळा आला. कुणी म्हणाले, विहिरीने बळी घेतला. मला कुणी बोल लावला नाही. पण मी काठावर बसून मोजत होतो, हे मी विसरलो नाही. क्रेगसाहेबांच्या निबंधाला त्या वैशाखात सहा वर्षे झाली होती. आमच्या विहिरीपर्यंत तो पोचला नव्हता, एवढेच.

बराच वेळ कुणी बोलले नाही. मग नातू हळूच म्हणाला, "आजोबा, आम्हीपण तसेच श्वास घेतो. आधी वीस वेळा."

तिसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम पश्चिमेकडे गेलो. तिकडे ग्विदॉक गावी हेन्योंची विद्या नव्या पिढीला शिकवणारी ‘हानसुपुल’ नावाची शाळा आहे. त्याच किनाऱ्यावर बुडीचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेली एक तरुण मुलगी आम्हांला भेटली. तिने नातवाला तासभर जे सांगितले, त्याचा गोषवारा, वाचकहो, तुमच्याही घरात पोहणारी मुले असतील म्हणून इथे देतो.

श्वास धरण्याचा सराव एकट्याने पाण्यात कधीही करायचा नाही. तलावात नाही, विहिरीत नाही, घरच्या टबातसुद्धा नाही. सराव करायचाच तर पलंगावर किंवा सतरंजीवर पडून. शुद्ध गेली तरी तिथे माणूस आपोआप श्वास घेतो. पाण्यात उतरताना जोडी हवी : एक खाली, तर दुसरा वर, आणि वरच्याची नजर खालच्यावर. दोघांनी एकदम बुडी मारायची नाही. बुडीपूर्वी भराभर श्वास घ्यायचे नाहीत. शांतपणे, पोटाने, नेहमीसारखे घ्यायचे. आपल्याकडची भस्त्रिका आसनावर बसून करावी, पाण्याच्या काठी नव्हे. पोटाच्या वरच्या पडद्याला उबळ येऊ लागली, की ती पहारेकऱ्याची हाक. नवशिक्याने तिथेच वर यावे. जेवढा वेळ खाली, त्याच्या निदान दुप्पट वेळ वर विश्रांती. कान दुखण्याआधीच नाक चिमटून हलकेच फुंकावे, दुखले तर परत फिरावे. वर आल्यावर आधी श्वास आत घ्यावा. आणि जोडीदाराने त्यानंतरही अर्धा मिनिट नजर हलवायची नाही, कारण वर येऊन हसलेला माणूसही पुन्हा बेशुद्ध होऊ शकतो. तसे झालेच, तर तोंड ताबडतोब पाण्याबाहेर धरायचे, गालावर हलके थोपटायचे, चेहऱ्यावर फुंकर घालायची, नावाने हाका मारायच्या. बहुधा माणूस श्वास घेतो. नाही घेतला, तर तोंडाने श्वास द्यायचा आणि मदतीला ओरडायचे. ज्यांना फेफरे किंवा हृदयाचा विकार आहे, त्यांनी या वाटेला जाऊच नये. आणि बाकीच्यांनीही जाणत्या शिक्षकाखेरीज जाऊ नये.

"म्हणजे घड्याळवाला नकोच?" नातवाने विचारले.

"घड्याळ असू दे," ती म्हणाली. "पण घड्याळाकडे बघणारा माणूस तुझ्याकडे बघत नसतो, हे लक्षात ठेव."

परतीच्या विमानात नातू खिडकीशी बसला होता. बेट ढगांखाली गेले. मला त्या आजी आठवत होत्या. समुद्र आजही अधूनमधून त्यांच्यापैकी एखादीला ठेवून घेतो; विद्या कितीही चांगली असली तरी पाणी ते पाणीच. पण पन्नास वर्षे रोज समुद्रात उतरून संध्याकाळी घरी परतलेल्या त्या बाईने मला आपल्याच भाषेतला एक शब्द नव्याने शिकवला. ‘दम धर’ असे आपण मुलांना म्हणतो, ते काय श्वास कोंडण्यासाठी? घाई करू नकोस, हाव धरू नकोस, थांब, एवढाच त्याचा अर्थ. विहिरीवर आम्ही पोरे तो उलटा समजलो होतो.

पुण्याला आल्यावर पहिल्या रविवारी नातू म्हणाला, "आजोबा, तलावावर चला ना माझ्याबरोबर."

१९६७ नंतर मी पोहण्याच्या पाण्याच्या काठी उभा राहिलो नव्हतो. गेलो. त्याचे टोळके जमले होते. त्याने त्यांना काय सांगितले ते मला ऐकू आले नाही, पण भराभर श्वास कुणी घेतले नाहीत आणि दोघेदोघे जोड्या करून उभे राहिले. मग तो माझ्याकडे आला. मी सवयीने हात पुढे केला. मला वाटले, घड्याळ देतो आहे.

"घड्याळ नकोय, आजोबा. मी लगेच वर येईन. तुम्ही मोजू नका, नुसतं बघत राहा."

तो खाली गेला. पाणी शांत झाले. निळ्या फरशीवर त्याची सावली हलताना दिसत होती, आणि मी तिच्यावरून नजर काढली नाही. थोड्याच वेळाने तो वर आला आणि ओठांचा चंबू करून शीळ घातली.

ती काही फारशी जमली नव्हती. पण मला ऐकू आली.